घेवड्याने नापास केलेला ढीग

मी खताचा ढीग बोलतोय. नाकाला रुमाल लावू नका. नीट मुरलेल्या ढिगाला घाण वास येत नाही. ज्याला येतो त्याला कुणी नीट रचलेलं नसतं. मला चांगलं रचलं होतं, त्यामुळे जवळ बसायला हरकत नाही.

लोकांच्या बागा राखून देणाऱ्या एका ताईच्या आवारात, शेडच्या मागे माझा जन्म झाला. खाली जाड काटक्या, त्यावर सुकी पानं, त्यावर कापलेलं हिरवं गवत, मग पुन्हा सुकी पानं. थोड्याच दिवसांत माझं अंग असं तापलं की गार सकाळी वाफा निघायच्या आणि आवारातलं मांजर माझ्या माथ्यावर येऊन झोपायचं. मी ऐटीत असायचो.

मला सगळं पचायचं. छाटलेल्या फांद्या, गळलेली फुलं, उपटलेलं तण, काही आणा. माणसं मात्र बागेतल्या कचऱ्याच्या पोत्यात नको ते लपवतात. फुटलेल्या कपबश्या, एका पायाचा मोजा. एकदा तर टीव्हीचा रिमोट निघाला. त्या घरात त्याच्यावरून किती आदळआपट झाली असेल, देव जाणे.

ताईची पद्धत अशी, की ज्यांच्या बागेतला कचरा न्यायचा, त्यांनाच तो खत करून परत द्यायचा. पण द्यायच्या आधी ती मला परीक्षेला बसवायची. माझ्या अंगातलं थोडं खत ती दोन कुंड्यांत भरायची, त्यात बाजारातलं घेवड्याचं बी लावायची आणि कुंड्या खोलीच्या खिडकीत ठेवायची. घेवडा फार नाजूक. खतात काही वाईट असलं की त्याची पानं गोळा होतात. पानं सपाट आली की मी पास.

गाडी चालवायचा तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे घाईराव म्हणत. मनाने अगदी सोनं, पण एका जागी उभं राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. कुणाच्या दारातून कचरा उचलताना 'यावर काही फवारलंय का' एवढं विचारायचं, असं ताईने त्याला शंभरदा बजावलं होतं. एवढा एक प्रश्न विचारायलाही त्याला वेळ नसायचा.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे शिंपीकाका राहत. बायको गेल्यापासून त्यांच्या मागच्या अंगणातला भाजीचा वाफा ओसाड पडला होता. घरात काकूंनी जपून ठेवलेलं घेवड्याचं बी होतं, जांभळ्या ठिपक्यांचं, जेमतेम मूठभर. दरवर्षी काकू त्यातलं लावायच्या आणि नव्या पिकातलं परत ठेवायच्या. यंदा ते काका लावणार होते.

"झालं का गं तुझं खत?" ते येता-जाता विचारायचे. "माझी माती पार दमलीय."

"थोडं थांबा, काका. खिडकीतलं उगवू दे."

पण एक दिवस ताई कामावर असताना काकांना फाटकात घाईराव भेटला. म्हाताऱ्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं, असं त्याला वाटलं. हा ढीग नापास होणार आहे थोडाच! त्याने माझं एक पोतं भरलं आणि काकांच्या दारात नेऊन टाकलं. ढिगाचं एक बरं असतं. पोत्यात गेलो तोही मीच आणि मागे उरलो तोही मीच. काकांनी मला वाफ्यात पसरलं, हाताने मोकळं केलं आणि काकूंचं बी लावलं, तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

इकडे दोनच दिवसांत खिडकीतला घेवडा वर आला. पानं आली ती मुठी आवळल्यासारखी, पार वाकडीतिकडी.

ताईने एकेका गिऱ्हाइकाला फोन लावले. एका बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "हो, तण फार माजलं होतं म्हणून औषध मारलं होतं ना. गवताला त्याने काही होत नाही म्हणे. का हो?"

गवताला होत नाही, हे खरंच. पण गवत ते आपल्या अंगात धरून ठेवतं, आणि ते गवत माझ्या पोटात होतं. सगळं पचवतो म्हणून मिरवणारा मी, ते पचवू शकलो नव्हतो. लाज वाटली मला.

"ते गवत उचलताना विचारलं होतंस?" ताईने भावाला विचारलं.

"राहिलं गं."

"नशीब, अजून कुणाला दिलं नाही."

घाईराव मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, काकांना दिलंय."

ताईचा चेहरा उतरला. "गाडी काढ," एवढंच म्हणाली.

काका वाफ्याला पाणी घालत होते. घाईरावने स्वतःच पुढे होऊन सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, काका. ताईला माहीतही नव्हतं." काका पायरीवर बसले. "एक दाणा मागे ठेवला नाही रे मी," ते म्हणाले. "म्हणजे तिचं बी गेलं."

मी त्यांच्या पायाशी पसरलो होतो. त्यांच्याशी बोलता आलं असतं तर माफी मागितली असती.

"मोड फुटले नसतील तर वाचेल," ताई म्हणाली आणि चाळण घेऊन गुडघ्यांवर बसली. घाईराव ओंजळ-ओंजळ माती चाळणीत घालू लागला, सावकाश. त्याला इतकं सावकाश काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने काका उठले. "सर बाजूला. आयुष्यभर जमिनीवर पडलेल्या सुया शोधल्यात मी." त्यांची बोटं माझ्यातून फिरली आणि एकेक दाणा वर येऊ लागला. काही मऊ पडून गेले होते. एकाला पांढरा कोंब डोकावत होता. बाकीचे धुऊन साध्या मातीच्या कुंड्यांत लावले, तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला. मला पुन्हा पोत्यात भरलं.

घाईरावचं म्हणणं, मला कचरा डेपोत टाकून मोकळं व्हावं. "टाकायचा नाही," ताई म्हणाली. "कुणाला द्यायचाही नाही. ऊन, पाणी, वारा लागला की त्यातलं औषध हळूहळू उतरेल. आणि खालीवर करायचं काम तुझं."

तेव्हापासून मी कोपऱ्यात आहे. शेजारी नवा ढीग रचला. मांजर त्याच्याकडे गेलं. माझं अंग केव्हाच निवलं. येणारे-जाणारे त्या नव्याचं कौतुक करतात. वाईट वाटतं, नाही कसं वाटणार! पण घाईराव येतो, दाताळं घालतो, मला खालीवर करतो आणि जाताना एकदा थोपटतो.

परवा काका आले. त्यांच्या घेवड्याला भरपूर शेंगा आल्या होत्या. खिशातून एक दाणा काढून ते ताईला म्हणाले, "याच्यात लावून बघ."

"काका, तुमचं कशाला? बाजारातलं लावते ना. गेलं तर?"

"गेलं तर गेलं. तिच्या हातूनही एखादं जायचंच की. किती दिवस कोपऱ्यात ठेवणार बिचाऱ्याला?"

मला कुणी बिचारा म्हटलेलं आवडत नाही. त्या दिवशी आवडलं.

तुमच्याकडे एकच मागणं. बागेत काही मारलं असेल तर पोतं देताना सांगा. कुणी विचारायचं विसरलं तरी सांगा. माझ्यासारखे मुकाट्याने सगळं गिळतात आणि पुढे ते कुणाच्या तरी वाफ्यात जातं.

आता खिडकीतल्या कुंडीत मी आहे आणि माझ्यात काकूंचं बी आहे. आज सकाळी कोंब वर आला. पानं अजून मिटलेली आहेत. ती सरळ उघडावीत, असं मला फार फार वाटतंय. नाही उघडली, तर मला पुन्हा खालीवर करा. मी थांबेन.