खिळ्यावरचा स्वेटर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. घड्याळाचा नव्हे बरं का! गाड्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या मनगटावर मी बसतो. माझ्या आतल्या बाजूला धातूचे बारीक धागे आहेत आणि मला शेपटासारखी लांब वायर आहे. तिचा चिमटा अर्थिंगला लावला, की काकांच्या अंगावर नकळत साठलेली वीज मी गुपचूप जमिनीत पोचवतो.

कारखान्यातून मी इथे आलो तेव्हा माझी फार थट्टा झाली. "काकूंनी बांधून ठेवलंय वाटतं," असं शेजारचा पंक्चरवाला काकांना म्हणायचा. काका नुसते हसायचे. पण गाडीच्या बॅटरीची वायर काढल्याशिवाय कॉम्प्युटरची पेटी सोडवायची नाही, आणि मला बांधल्याशिवाय ती उघडायची नाही, हा त्यांचा नेम होता.

एका हिवाळ्यात काकूंनी त्यांना लोकरीचा स्वेटर विणला. काका तो मिरवत दुकानात यायचे आणि आल्याबरोबर दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचे. लोकर अंगाला घासली की वीज साठते, हे काकूंना कुठे माहीत होतं? मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या.

एका दुपारी काकू अचानक डबा घेऊन आल्या. टेबलावर शाळेच्या व्हॅनची पेटी उघडी होती. व्हॅन चालवणाऱ्या ताई समोर काळजीत बसल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत न्यायचं होतं. काका नुकतेच हात धुऊन आले होते आणि मी टेबलावर पडून होतो. काकूंची नजर खिळ्यावर गेली.

"खिळ्याला थंडी वाजते म्हणून विणला होता का मी?" त्यांचे डोळे भरून आले.

काका गडबडले. त्यांनी घाईघाईने स्वेटर चढवला आणि काम पुढे न्यायला हात थेट पेटीकडे नेला. माझ्याशिवाय! माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तेवढ्यात काकूंनी रागातच स्टीलचा डबा पुढे केला. काकांचं बोट डब्याला लागलं आणि चट्! दोघांनीही हात झटकले.

"अहो, हे काय?"

"अगं, हाच झटका पेटीला बसला असता, तर ताईंची व्हॅन जागची हलली नसती. म्हणून इथे काढून ठेवतो. घरी येताना तर घालूनच येतो ना?"

ताईंकडे पाहून काकूंना हसूच फुटलं. "मग काढा बघू आधी तो," त्या म्हणाल्या. काकांनी दाराशी जाऊन स्वेटर काढला, मला बांधलं आणि पेटी दुरुस्त केली. सकाळी मुलांनी भरलेली व्हॅन दुकानासमोरून हॉर्न वाजवत गेली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

माझ्या उसवलेल्या कडा काकू उरलेल्या लोकरीने शिवणार होत्या, पण काकांनी हात जोडले. मग काकूंनी सुती दोरा घेतला आणि आतले धागे कातडीला लागतील असे मोकळे ठेवले. काकांनी मीटर लावून मला तपासलं. मी पास झालो.

मित्रांनो, वीज दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं समजू नका. पेटी उघडण्याआधी मला बांधा, माझ्या वायरीला जपा. आणि कुणी प्रेमाने दिलेली वस्तू बाजूला ठेवावी लागली, तर कारणही सांगून टाका.

हल्ली काकू रोज डबा घेऊन येतात आणि जेवण झालं की त्याच मला काकांच्या मनगटावर बांधतात. पंक्चरवाला अजून तेच म्हणतो, आणि काका आता खुशाल हो म्हणतात.