तेल म्हणून पाठवलेली ट्यूब

मित्रांनो, माझ्या पोटावर जे छापलं आहे ते मी एकदाही खोटं पडू दिलं नाही, आणि तरीही खोटी ठरले ती मीच. मी आता एक जुनी, पिळून चपटी झालेली ट्यूब आहे. माझ्यात प्रायमर होता. भिंतीला रंगाआधी लावतात तो नव्हे, तोंडाला मेकअपआधी लावतात तो. नाकावरची, गालांवरची मोठी छिद्रं झाकायची आणि कातडीची चमक घालवायची, एवढंच माझं काम.

जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. यंत्राने पोट भरलं आणि शेपूट दाबून बंद केलं. खरं आयुष्य सुरू झालं ते ऑकलंडच्या एका दुकानात. तिथे बायका यायच्या, नमुन्याच्या ट्यूबमधला थेंब मनगटावर चोळायच्या आणि छान आहे म्हणून निघून जायच्या. विका तशी नव्हती. ती इस्पितळात फरशा पुसायची, तिथूनच थेट आली होती. तिने थेंब घेतला आणि नाकाच्या कडेला लावला. दुकानातली मुलगी म्हणाली, "हातावर बघा ना." विका म्हणाली, "हाताला कुठं अशी छिद्रं असतात बाई? हे नाक आमच्या घराण्याचं आहे. इथं टिकलं तर तिकडंही टिकेल." दिवसभर ती ते नाक घेऊन उन्हात हिंडली आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन गेली.

तिकडं म्हणजे वावाऊ बेटावर, तिच्या चुलतबहिणीकडे, लोसालिनेकडे. टिनमधलं मांस, टॉवेल आणि साबण यांच्याबरोबर पिंपात बसून मी बोटीने पोचले. लोसालिने बोटीच्या तिकिटांच्या खिडकीवर काम करायची आणि हसताना नाकावर हात धरायची. आधी तिने दोन प्रायमर वापरून पाहिले होते. एकाने कातडी जळजळली, दुसऱ्याने ती पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसू लागली. मी मात्र तिला मानवले. एखाद्याला गावचं पाणी मानवतं ना, तशी. तिचा हात नाकावरून खाली आला. खिडकीपलीकडचे लोक म्हणायचे, "काय गं, हल्ली झोप चांगली लागते वाटतं?" ती म्हणायची, "झोप कसली, नशीब." माझं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग वादळात चर्चच्या सभागृहाचं छप्पर उडालं आणि त्याच्या खर्चासाठी नाच ठरला. आमच्याकडे नाचणारी मुलगी अंगभर खोबरेल तेल लावून उभी राहते आणि लोक तिच्या तेलकट खांद्यांवर, दंडांवर नोटा चिकटवतात. तेल चमकलं की मुलगी मनाने निर्मळ, असं म्हाताऱ्या म्हणतात. कोणी नाचायचं हे ठरवायची तोकीलुपे आत्या. वडिलांच्या बहिणीपुढे आमच्याकडे वडीलसुद्धा आवाज चढवत नाहीत. आत्याने लोसालिनेला आजवर कधीच निवडलं नव्हतं. या वेळी तिची हनुवटी धरून ती म्हणाली, "चेहरा खुललाय गं तुझा. तूच नाच."

विकाने फोनवर बजावलं, "हे बघ, त्या दिवशी ट्यूबला हात लावायचा नाही. चमक घालवणं हेच तिचं काम आहे. त्या दिवशी फक्त तेल."

"हो गं बाई, कळतं मला."

कळत होतंच तिला. पण लोक फोनवर नाच टिपणार, तो सिडनीपर्यंतच्या नातलगांत फिरणार आणि तेलात नाकाचं एकेक छिद्र उजळून निघणार, या धास्तीने तिने दार लावून घेतलं. मला तिने चेहऱ्याला तर लावलंच, शिवाय गळ्याला, खांद्यांना, दंडांनाही फासलं. तेल लावलं फक्त केसांना.

मी तिच्या पिशवीत होते आणि पिशवी बिनछपराच्या सभागृहाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली होती. गाणं सुरू झालं. पहिल्या काकांनी तिच्या खांद्यावर नोट दाबली, ती खाली पडली. दुसरीही पडली. पोरं नोटा वेचायला धावली आणि लोक हसू लागले. एक म्हातारी म्हणाली, "चमकतच नाही ही. पोरीच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे." लोसालिने हसतमुखाने शेवटपर्यंत नाचली, पण तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली, खरंच आली.

नाच संपल्यावर आत्याने तिला मागच्या स्वयंपाकघरात नेलं आणि दंडावरून अंगठा फिरवला. "तेल कुठं लावलंस, पायाच्या अंगठ्याला?"

लोसालिनेने मला पिशवीतून काढलं. मला वाटलं, आता ती खरं सांगेल, जरा ओरडा खाईल आणि सुटेल.

"हे लावलं आत्या. विकानं तेल म्हणून पाठवलं होतं. मला काय माहीत?"

आत्याजवळ चष्मा नव्हता. तिने मला लांब धरून पाहिलं, मग लोसालिनेच्याच फोनवरून विकाला फोन लावला. "विके, काय पाठवलंस माझ्या पोरीला? सगळ्या गावापुढं कोरडी उभी राहिली ती."

फोनमधून विकाचा आवाज आला, "हो आत्या. चूक माझीच. तेल म्हणूनच पाठवलं मी."

लोसालिने खाली बघत उभी राहिली. स्वतःचं नाक वाचवायला तिने माझं आणि विकाचं नाक कापलं. मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि ट्यूबला राग आला तरी ती करणार काय?

तिने मला फेकलं असतं तर मी समजू शकले असते. पण सोमवारी सकाळी दार लावून तिने मलाच पिळलं आणि तशीच प्रसन्न होऊन खिडकीवर गेली. तिला माझं काम हवं होतं. पुढे मी संपत आले तेव्हा तिने मला कात्रीने मधोमध कापून आतलं पुसून घेतलं आणि विकाला गुपचूप निरोप धाडला, तसलीच आणखी एक पाठव.

पिंप आलं. आत्या आणि शेजारणींसमोर लोसालिनेने ते उघडलं. तिच्या नावाच्या पुडक्यात ऑकलंडच्या दुकानातली खोबरेल तेलाची बाटली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

"वेडी का काय ही विका," आत्या पोट धरून हसली. "नारळाच्या बेटावर तेल पाठवते."

सगळ्या हसल्या. लोसालिने बाटली हातात धरून बसून राहिली. तिने ती अजून उघडलेली नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुम्हाला जे मानवलं आणि ज्याने ते तुमच्यासाठी शोधलं, त्यांची नावं चारचौघांत घ्या, विशेषतः घेणं अवघड असेल तेव्हा. ट्यूब काय, दुकानात दुसरी मिळते. विका मात्र आता फोन करत नाही.