टपालबाबाचं रक्ताचं तिकीट

सकाळी नऊ वाजताच पाड्यावरच्या मारुतीसमोर दोन-अडीचशे माणसं जमली होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात काठ्या होत्या. सगळ्यांचे डोळे चौथऱ्यावर बसलेल्या टपालबाबाकडे लागले होते.

हा बाबा मेलेल्यांना पत्रं पोचवायचा. महिन्याभरात पेठ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचा बोलबाला झाला. त्याच्या पाकिटाला सरकारी तिकीट चालायचं नाही, त्याचंच लागायचं. पिवळंधमक, मधे काळा त्रिशूळ, कडेला भोकं. "यमाच्या पोस्टात पिनकोड विचारत नाहीत, पाप विचारतात," असं तो डोळे मिटून सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. मी या भागात बावीस वर्षं टपाल वाटतो. यमाचं एकही पाकीट माझ्या थैलीत कधी आलं नाही. मी हसून सोडून दिलं, त्याची मला आजही लाज वाटते.

कारण पुढच्याच आठवड्यात पाड्यावर हगवणीने दोन पोरं गेली. त्यांतली एक हिरामणची चार वर्षांची मीना. बाबा म्हणाला, डाकिणीने खाल्ली. मीनाच्या नावाच्या पाकिटावर त्याने ओळीने तिकिटं चिकटवली आणि बायकांना रांगेत उभं केलं. प्रत्येकीने तांब्यातल्या पाण्यात अंगठा बुडवून एकेक तिकीट दाबायचं. जी डाकीण असेल तिच्या अंगठ्याखाली तिकीट रक्त ओकेल.

मी टपाल घेऊन पोचलो तोवर अकरा जणी सुटल्या होत्या. बारावी चिमणाबाई, हिरामणची विधवा चुलती. तिने अंगठा दाबला, उचलला, आणि तिकिटावर लालभडक डाग उमटला.

पहिली काठी हिरामणनेच घातली. तिने डोक्यावर हात धरला होता, तो मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दगड, मग लाथा. "जाळा तिला," असं ओरडणाऱ्यांत, ज्यांच्या पोरांची नाळ चिमणाबाईने कापली होती अशा बायकाही होत्या. मी घुसलो आणि तिच्या अंगावर आडवा पडलो. माझ्या पाठीत तीन काठ्या बसल्या. तांब्या लवंडला, बाबाच्या पिशवीतली तिकिटं चिखलात पसरली. मी हात टेकला तो नेमका एका तिकिटावर. उचलला, तर तेही लाल.

वाटेत मी तंबाखू मळली होती. अंगठ्याला चुना होता.

मला इतका संताप आला की पाठीचं दुखणं विसरलो. ते तिकीट वर धरून म्हणालो, "मीपण डाकीण हाय का?" गर्दी चरकली. हिरामणच्या खिशात चुन्याची डबी कायम असते. त्याचा काठी धरलेला हात ओढून मी त्याचा अंगठा ओल्या तिकिटावर दाबला. लाल झालं.

"हिरामण, मग मीनाला तू खाल्लंस का?"

त्याच्या हातून काठी गळाली.

सकाळी काय केलं होतं, असं मी चिमणाबाईला विचारलं. तोंडातलं रक्त थुंकत ती म्हणाली, "बाबानं तंबाखू मागितली. मळून दिली. पाव्हण्याला नाय कसं म्हनायचं?"

आमच्याकडे पाहुण्याला तंबाखू मळून देणं हा मान असतो. त्या मानाचाच त्याने फास केला. बाबाच्या मठासाठी रस्त्याकडेचा आपला जमिनीचा तुकडा द्यायला ती तयार नव्हती, एवढंच तिचं पाप.

बाबा पळाला, पण ओढ्यापाशी सापडला. आता तीच माणसं त्याच काठ्यांनी त्याला सोलायला निघाली. मला पुन्हा मधे पडावं लागलं. "याला मारून तुमचे हात स्वच्छ व्हायचे नाहीत," मी म्हणालो आणि पोलिसांना फोन लावला.

बाबाचं नाव शेखर. पंचवटीत लग्नपत्रिका छापायचा. पिशवीत त्रिशूळ कोरलेला अर्धा बटाटा निघाला, हळदीची पुडी, दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. जुन्या निवडणूक पत्रकांची कोरी बाजू तो हळदीने रंगवायचा आणि वर बटाट्याचा ठसा मारायचा. भोकांसाठी दोरा न ओवता शिलाई मशीन चालवायचा. हा यमाचा छापखाना!

हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे त्या रांगेतल्या प्रत्येकीने कपडे धुताना शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी एकीलाही ते आठवलं नाही.

मीनाला विहिरीच्या पाण्याने मारलं. पाणी उकळून प्या, असं आरोग्यसेविका अंजलीताई दोनदा सांगून गेल्या होत्या. त्यांनी चमत्कार दाखवला नाही, म्हणून कुणी ऐकलं नाही.

चिमणाबाईचा हात वाकडाच जुळला. आता तिची तंबाखू हिरामण मळून देतो. ती घेते, पण त्याच्याशी बोलत नाही.

तुमच्या गावात कुणी असं रक्त दाखवलं, तर काठी उचलण्याआधी घरातली हळद आणि चुना घ्या आणि स्वतः करून बघा. एका मिनिटाचं काम आहे. आम्ही तेवढं केलं असतं, तर म्हातारीचा हात वाचला असता.