झाकणाचं भोक

दाजींची जुनी मोटरसायकल थंड असताना राजेशाही थाटात सुरू व्हायची. जरा तापली, की खोकून गप्प. मग तिला ढकलायच्या लायकीचा जगात एकच माणूस उरायचा, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मेव्हण्याला हा मान दर रविवारी मिळायचा.

दाजींनी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर तर इतक्या वेळा धुतला की तेवढ्या वेळा त्यांनी स्वतःची पाठ धुतली नसेल. दोष काही सापडेना. "जुन्या गाडीला मूड असतो," असं ते हँडल धरून सांगायचे. ढकलणाऱ्याला मूड नसतो.

आज गाडी ऐन चढावर बंद पडली आणि मेव्हण्याचं डोकं फिरलं. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून त्याने टाकीचं झाकण उघडलं. टाकीने फुस्सकन हवा आत ओढली आणि पुढच्याच किकला इंजिन धडधडू लागलं.

त्याने झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत जायचं बारीक भोक रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेलं होतं, वर पॉलिशसुद्धा.

"ते मीच बुजवलं," दाजी अभिमानाने म्हणाले. "पाणी शिरेल ना! एवढी मोठी कंपनी, पण भोक तसंच ठेवलं होतं."

"दाजी, गाडी तापून नाही, गुदमरून बंद पडत होती. हवा शिरेना, म्हणून पेट्रोल उतरेना."

"मग कार्ब्युरेटर चांगलाच होता! मी म्हणत नव्हतो?"

मेव्हण्याने झाकण सैल बसवलं, गाडीवर टांग टाकली आणि गिअर टाकला.

"अरे, मी कसा येऊ?"

"चालत या. आणि लांबी उरली असेल, तर तोंडही बुजवा."