बाटली तीच, गोळ्या दुसऱ्या

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. शरमेनं मान खाली घालावी म्हटलं, तर मान झाकणात अडकलेली. तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सांध्यांच्या गोळ्या बनवणाऱ्या एका नामांकित कंपनीत माझा जन्म झाला. चकचकीत लेबल, सोनेरी झाकण, वर सील. दुकानात मी काचेच्या कपाटात असायची आणि स्वस्तातले डबे खाली खोक्यात. त्यांच्याकडे बघून मी नाक मुरडायची. केवढा तोरा होता मला!

मला एका शिंप्यानं विकत घेतलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उभा जन्म पायानं मशीन चालवून त्यांचे गुडघे धरले होते. रोज सकाळी ते दोन गोळ्या घ्यायचे आणि मला कात्रीशेजारी ठेवायचे. स्वस्तातलं काही आपल्याला लागू पडत नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

गोळ्या संपल्या तेव्हा त्यांच्या मुलीनं, ताईनं, स्वस्तातला एक डबा आणला आणि दोन्ही लेबलं शेजारी धरून वाचली. औषध तेच, मात्रा तीच. फरक फक्त नावाचा, असं ती नवऱ्याला म्हणाली. पण बाबा ऐकतील तर शपथ! म्हणून तिनं त्या गोळ्या गुपचूप माझ्यात ओतल्या. मास्तरांनी त्या विश्वासानं घेतल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईनं बारीक अक्षरातली एक ओळ वाचलीच नव्हती. माझं औषध मक्यापासून केलेलं, त्या डब्यातलं कोळंबीच्या कवचापासून. आणि मास्तरांना कोळंबी मुळीच चालत नसे, खाल्ली की अंग सुजायचं. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ सुजले, धाप लागली. दवाखान्यात इंजेक्शननं सूज उतरली. डॉक्टरांनी मला हातात घेऊन लेबल वाचलं. यात कोळंबी नाही, या गोळ्या चालू ठेवा, असं ते म्हणाले. शेजारी उभी असलेली ताई पांढरीफटक पडली, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन तिनं तो डबा शोधला आणि ती ओळ वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. ताईनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, नका घेऊ. या बाटलीतल्या गोळ्या या बाटलीच्या नाहीत. मी बदलल्यात."

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला विचारायचंस तरी," एवढंच ते म्हणाले.

आता माझ्यात शर्टाची बटणं असतात. मित्रांनो, रिकामी बाटली हवी त्या कामाला लावा, पण आधी तिचं लेबल खरवडून काढा. लेबलावर विसंबणारा माणूस आपलाच असतो.

मास्तर बरे आहेत. फक्त ताईनं चहा दिला की कप हातात धरून विचारतात, "साखरच घातलीस ना?" ते गमतीनं विचारतात. ताईला मात्र अजून हसू येत नाही.