चाव्याच्या समोरची कड

दुकानाचे दोन भाग होते. पुढच्या भागात घड्याळजी बसत, मागच्या भागात त्यांची बायको. बंद पडलेली घड्याळं पुढे आणि संशयाची नाणी मागे, अशी वाटणी लग्नानंतर आपोआप होऊन गेली होती आणि संसार टिकायला ती पुरली होती. बायकोला सगळे पारखीबाई म्हणत. घड्याळजीसुद्धा, रागावले की.

पारखीबाईंकडे येणाऱ्या माणसाचं मागणं एकच असे: हे नाणं टाकसाळीत चुकलंय, असं सांगा. कारण टाकसाळीच्या चुकीला हौशी लोक चांगला भाव देतात. बाकी जगात चुकीला भाव मिळाल्याचं ऐकिवात नाही. पण येणाऱ्यांतली बहुतेक नाणी टाकसाळीतून सरळच निघालेली आणि पुढे माणसांत येऊन वाकडी झालेली असत. कुणी रुळावर ठेवलेली, कुणी पक्कडीत धरलेली, कुणी अ‍ॅसिडात बुडवलेली. उरलेली चक्क नकली. पारखीबाई हे सांगताना आवाज डॉक्टरसारखा ठेवत. माणसं हिरमुसून जात, आणि थोडी दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

त्यामुळे त्या दिवशी आलेल्या बाईनं "हे नंतर कुणीतरी कापलंय, एवढंच सांगा," म्हटलं, तेव्हा पारखीबाईंनी भिंग खाली ठेवून आधी बाईलाच नीट पाहून घेतलं.

ती शाळेचे गणवेश शिवणारी होती, नखांत अजून खडू होता. बरोबर धाकटा भाऊ, टायरच्या दुकानातला. नाणं त्यांच्या वडिलांचं. वडील गेल्यावर आईनं त्यांचा दाढीचा डबा आवरायला घेतला आणि ब्रशखाली कागदात गुंडाळलेलं हे निघालं. कडेचा चंद्रकोरीसारखा घास कुणीतरी खाल्ल्यासारखं.

वडील टाकसाळीत निवडणीच्या टेबलावर होते. पट्ट्यावरून नाणी सरकत येत, त्यातली बिघडलेली उचलून टोपलीत टाकायची. टोपली पुन्हा भट्टीत. एकदा असंच चावा पडलेलं नाणं टेबलावर हसण्यावारी या हातातून त्या हातात फिरलं आणि संध्याकाळी टोपलीत नव्हतं. सापडलं कुणाकडेच नाही, पण संशय वडिलांवर आला आणि त्यांना घरी बसवलं गेलं. मी नेलं नाही, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. आईनं विश्वास ठेवला. तोही कसा, तर वसाहतीतल्या बायकांशी भांडून आणि सख्ख्या भावाचं तोंड न बघून. आणि आता, डब्यातून हे निघाल्यापासून, आई बोलत नव्हती. जेवत होती, कपडे वाळत घालत होती, पण चकार शब्द नाही.

म्हणजे नाणं मागाहून कुणी कापलेलं असेल, तर बाप खरा. आणि टाकसाळीतच चुकलेलं असेल तर, इथं थोरली थांबली. तर किंमत येईल, असं धाकट्यानं वाक्य पुरं केलं. थोरलीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुढच्या भागातली घड्याळं बघायला लागला.

पारखीबाईंनी नाणं हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही बाजू लखलखत होत्या. चौकशीअंती कळलं की धाकट्यानं आदल्या दिवशी घरात बसून टूथपेस्ट आणि जुन्या ब्रशनं नाणं घासून काढलं होतं. तपासायला न्यायचं ते काळंकुट्ट कसं न्यायचं, असा त्याचा विचार. पारखीबाई म्हणाल्या की पाहुणे येणार म्हणून घर आवरतात ते ठीक, पण चोरी झालेलं घर पोलीस यायच्या आधी झाडून काढत नाहीत. झिजेच्या खुणा दोन्ही बाजूंनी पुसल्या गेल्या होत्या.

मग काम सुरू झालं. वजन केलं, चावा गेला तेवढंच कमी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या अंगावर बारीक पुरळ असतं आणि कडेला सांधा दिसतो. इथं दोन्ही नव्हतं. नकली नाही, हे ठरलं. राहिला चावा. असलं नाणं बघताना चाव्याकडे बघायचं नसतं, त्याच्या बरोबर समोरच्या कडेकडे बघायचं असतं. पत्र्यातून चकती कापताना गोल सुरी आधीच्या चकतीच्या भोकावर चढली की चावा पडतो. पुढे त्या चकतीची कड उठवायला ती दोन्हीकडून दाबतात. चाव्याच्या जागी दाबायला काही सापडत नाही, म्हणून समोरची कडही धड उठत नाही. घरी कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ताठ असते, तिला काही कळलेलंच नसतं.

या नाण्याची समोरची कड बसकी होती. साल वडिलांच्या नोकरीतलं होतं.

"कापलेलं नाही हे," पारखीबाई म्हणाल्या. "टाकसाळीतच चुकलंय."

थोरलीनं आणखी एकदा बघायला सांगितलं. पारखीबाईंनी बघितलं, कड बसकीच होती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली,

"कापलंय म्हणून सांगितलंत तर कुणाचं काय जातं, बाई? आई काही भिंग घेऊन बसणार नाही."

पुढच्या भागात घड्याळजींचा चिमटा थांबला. पारखीबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तोंडावरचं सगळं या पठ्ठ्यानं धुऊन टाकलं, निदान कड तरी पुरती बघू, एवढं पुटपुटून त्या नाणं उभं धरून बोटांत फिरवू लागल्या. चाव्यापासून थोडं पुढे गेल्यावर बोट अडलं.

कडेवर एक आडवी खाच होती, कानशीनं मारलेली. नाणं विचित्र दिसलं की जुने दुकानदार असा घाव घालून बघत, आत दुसराच धातू नाही ना म्हणून. खाचेचे दोन्ही ओठ झिजून गुळगुळीत झाले होते आणि आत जुना, दगडासारखा मळ होता. तिथं टूथब्रश पोचला नव्हता.

पारखीबाईंनी भिंग थोरलीच्या हातात दिलं. "दुकानदारानं घातलेला घाव आहे हा. आणि घावानंतर हे कितीतरी हातांतून फिरलंय. चोरून ठेवायला आणलेलं नाणं कुणी गल्ल्यावर देऊन कानस मारून घेत नाही."

धाकट्यानं शंका काढली की वडिलांनीच ते खर्चलं असेल आणि पुढे कधी फिरून परत मिळालं असेल. सगळा बाजार हिंडून पुन्हा त्याच खिशात यावं इतकं नशीब तुमच्या घरात असतं तर तुम्ही टायर विकत बसला नसता, असं उत्तर त्याला मिळालं. तरी नाणं शपथ घेत नाही, हेही पारखीबाईंनी सांगून ठेवलं. टाकसाळीच्या नजरेतून ते निसटलं आणि बाजारातून घरी आलं, एवढंच त्याच्या अंगावर दिसतं. त्या दिवशी टेबलावरून हरवलेलं हेच, असं नाही, अशी आणखीही निसटली असतील.

थोरली बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग भावाकडे न बघता म्हणाली की बाबा फाटकी नोटसुद्धा पुढे चालवायचे नाहीत. सुट्ट्या पैशांत हे आलं असणार. पुढे देववेना, टाकसाळीत परत नेणार कोणत्या तोंडानं, आणि घरी दाखवायचं तर आयुष्यभर जे नाही म्हटलं तेच हातात घेऊन.

धाकट्यानं शेवटी भाव विचारलाच. घाव आणि टूथपेस्ट धरून पारखीबाईंनी आकडा सांगितला. फार नव्हता.

"आणि हा घाव नसता तर?"

"तर भाव चांगला आला असता."

धाकट्यानं खाचेवरून एकदा नख फिरवलं आणि नाणं बहिणीच्या तळहातावर ठेवलं.

आईला फोन थोरलीनं तिथूनच लावला. पलीकडून हॅलो आलं नाही, नुसता श्वास. तिनं सगळं क्रमानं सांगितलं: नाणं टाकसाळीचंच, पण दुकानदाराचा घाव आहे, बाजारातून आलंय, बाबांनी नेलेलं दिसत नाही. थोरलीनं फोन कानापासून काढून बघितला, चालू होता.

मग आवाज आला, न वापरल्यानं चरचरलेला.

"मला दाखवायला काय झालं होतं त्यांना," आई म्हणाली. "मी काय परकी होते?"

थोरली हो म्हणाली, नाही म्हणाली, काहीतरी म्हणाली. आईला त्याचं काही नव्हतं. तिचं सुरू झालं होतं. दाढीच्या डब्यात कोण ठेवतं, मामाला आता कोणत्या तोंडानं बोलवू, इथपासून ते आणखी कुठं कुठं गेलं. घड्याळजींनी पुढून खुर्ची सरकवली आणि थोरली तिच्यावर बसून ऐकत राहिली.

"आणि धाकट्याला सांग," फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "घासायची एवढी हौस असेल तर घरात भांडी पडलीयेत."