ढोल्याचा गुडघा

डॉक्टरबाईंनी ढोल्या कुत्र्याला कुशीवर लोळवलं, एका हाताने त्याच्या मांडीचं हाड पक्कं धरलं आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली. टेबलाचा खण उघडावा तशी नडगी पुढे सरकली. ढोल्या कण्हला. त्याच्या डोक्याशी उकिडवे बसलेले त्याचे मालक घड्याळवाले त्याच्याहून मोठ्याने कण्हले.

भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या बायकोने तोंड फिरवलं. शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी सगळे तिला हेडबाईच म्हणत. तिचा डावा पाय खुर्चीसमोर सरळ ताठ पसरलेला होता. तो वाकत नसे, त्यामुळे येणारा-जाणारा त्याला अडखळे आणि वर तिचीच बोलणी खाई.

“लिगामेंट तुटलंय, काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा आतला दोर.”

“नवा दोर बसवायचा का?”

“नाही. कुत्र्याच्या नडगीचा माथा उतरता असतो. पाऊल टाकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरतं. आपण नडगी वरून कापायची, उतार सपाट होईल अशी फिरवायची आणि प्लेट लावून टाकायची. मग दोरावाचून अडत नाही.”

“आणि एवढं करून हा कुठे पळणार आहे?” हेडबाईंनी विचारलं. “आधी तरी काय दिवे लावत होता? बिस्किटाचा पुडा फाटल्याचा आवाज आला की उठतो, तेवढाच व्यायाम.”

“रोज किती बिस्किटं देता, काका?”

“दोन,” घड्याळवाले छताकडे बघत म्हणाले.

“दोन पुडे,” हेडबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी हसू दाबलं. “वजन उतरवावं लागेल, नाहीतर दुसराही गुडघा जाईल. ऑपरेशन मी करीन, पण पुढचं तुमच्या हातात आहे. रोज त्याला आडवा करून गुडघा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा. जबरदस्ती नाही. दुखलं की आहे तिथेच धरून थांबायचं, पण सोडून द्यायचं नाही. सोडत गेलात तर पाय आखडेल आणि जन्माचा लंगडा होईल.”

“मग राहूच द्या,” हेडबाई म्हणाल्या. “यांच्या हातात आहे म्हणजे झालंच कल्याण.”

घड्याळवाले ढोल्याच्या कानामागे खाजवत राहिले.

हेडबाईंचं म्हणणं उगाच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्या शाळेच्या पायऱ्यांवरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गुडघा रोज वाकवण्याचं काम नवऱ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्या किंचाळल्या आणि त्याने तापलेलं भांडं सोडावं तसा पाय सोडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तुमच्या हातात काही राम नाही. परत हात लावू नका मला.” त्याने परत हात लावला नाही. नवरा आज्ञाधारक असावा, पण इतका? घड्याळाच्या पोटात चिमटा घालून हा माणूस श्वास न घेता तासभर बसू शके. न बोलणाऱ्या वस्तूंशी त्याचं छान जमायचं. बोलणाऱ्या बायकोपुढे मात्र हातपाय गळायचे. अशा माणसाची कीव करावी की त्याला ओवाळावं, हे हेडबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. त्या दोन्ही करत नसत.

ऑपरेशन झालं. ढोल्या घरी आला तो मागचा एक पाय भादरलेला आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून. बैठकीच्या खोलीत खुर्च्या आडव्या टाकून त्याच्यासाठी कोंडवाडा केला गेला. घड्याळवाले त्याला पोटाखालून टॉवेलचा झोका देऊन अंगणात नेत आणि त्याचं काम होईपर्यंत दुसरीकडे बघत, जणू काही ढोल्याला लाज होती. मग गुडघा शेकायचा, मग वाकवायचा. दुकान अर्ध्या दिवसावर आलं.

हेडबाई समोर पेपर धरून सगळं बघत. कुत्र्याच्या पायाखाली उशी, आणि तीही हेडबाईंची. मेल्या जनावराचं नशीब, त्या मनात म्हणत.

एका दुपारी आधी ढोल्या गुरगुरला, मग केकाटला. हेडबाईंनी पेपर खाली केला. नरसाळं शेकताना काढून ठेवलेलं होतं. ढोल्याचे दात घड्याळवाल्यांच्या मनगटात होते. सतरंजीवर रक्ताचे थेंब पडत होते. घड्याळवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण दुसरा हात गुडघ्याखाली जिथल्या तिथे होता. ते वाकवत नव्हते आणि सोडतही नव्हते.

“बरं, बरं,” ते हळू आवाजात म्हणत होते. “दुखतंय ना. थांबलोय मी. इथेच आहे.”

ढोल्याने थोड्या वेळाने पकड सोडली आणि शरमून तेच मनगट चाटलं. मग घड्याळवाल्यांनी गुडघा आणखी थोडा वाकवला.

“अहो, वेड लागलंय का?” हेडबाई ओरडल्या. “चावलं तरी धरून बसलात? सोडता येत नव्हता पाय?”

“सोडला असता तर आखडला असता.”

“एका दिवसाने काय आखडतो?”

घड्याळवाल्यांनी पाय अलगद उशीवर ठेवला. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

“एकदा सोडून बघितलंय,” ते म्हणाले.

ढोल्याने जांभई दिली. आता पाच वर्षांनी हेडबाईंच्या पायाचं काही व्हायचं नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि नवऱ्यालाही माहीत होतं.

त्यांनी काठीने समोरचं स्टूल ओढलं. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्यावर ठेवला आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. घड्याळवाले उठता उठता तसेच थांबले.

“बघताय काय?” हेडबाई म्हणाल्या. “आधी हात धुवून या.”